दीड एकर वाईनची द्राक्षं आणि बावीस प्रतिज्ञा : एका धम्मदीक्षेचं प्रकरण

हे का लिहितोय

नाशिकमधल्या एका विहारात मी गेली चौदा वर्षं रविवारची वंदना घेतो. नामकरण, लग्न, पुण्यानुमोदन (मृत्यूनंतरचा बौद्ध विधी) ही संस्काराची कामंही करतो. पोटापाण्याला शाळेतली नोकरी आहे. या काळात पंधरावीस जणांना दीक्षेसाठी तयार केलं. बहुतेकांची गोष्ट दोन ओळींत संपते. खालची संपत नाही, म्हणून लिहून काढली. ज्यांची आहे त्यांची परवानगी घेतली आहे. नाव-गाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. त्यांना इथे नाना म्हणतो. वडील ते अण्णा, आई त्या माई, आणि नानांच्या पत्नी माझ्या वहिनी.

पार्श्वभूमी

नाना दिंडोरी तालुक्यातले द्राक्षबागायतदार. २०२२ मध्ये वय ४६. दोघा भावांची मिळून सात एकर बाग, सातबारा अण्णांच्या नावावर, वहिवाट वेगवेगळी. नानांकडे साडेतीन एकर. त्यातली दोन एकर थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं. उरलेल्या दीड एकरात अण्णांनी स्वतः उभं राहून लावलेली वाईनची द्राक्षं, वाईनरीशी कराराने. ही दीड एकर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मला ती तेव्हा माहीतच नव्हती.

नानांची जात सांगायचं कारण नाही. प्रकरण समजायला एवढं पुरे की ते बौद्ध घरात जन्मलेले नाहीत आणि त्यांच्या जातीला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. कुलदैवत सप्तशृंगी. चैत्रात सगळं घर गडावर जातं.

त्यांची सुरुवात दारूपासून झाली. रोज संध्याकाळी क्वार्टर, बागेचा पैसा आला की जास्त. एप्रिलची खरड छाटणी उरकून काड्या पक्व होत होत्या तेव्हा, म्हणजे जूनमध्ये, एका पाहुण्याने धरून त्यांना इगतपुरीच्या धम्मगिरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला बसवलं. सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतलं हे केंद्र १९७६ पासून चालू आहे. तिथे फी नाही, पहाटे चारची घंटा असते आणि नऊ दिवस आर्य मौन. नाना तिसऱ्या दिवशी पळून जायच्या बेतात होते. बॅगही भरली होती, पण गेटपर्यंत जाताना पाऊस इतका कोसळला की परत फिरले. पुढे दारू सुटली, ती सुटलीच.

आमच्या विहारात ते आले ते एक प्रश्न घेऊन. शिबिराच्या पहिल्या संध्याकाळी सगळ्यांकडून पालीत काहीतरी म्हणवून घेतलं होतं. ते काय होतं, हे त्यांनी नंतर शोधून काढलं. ते होतं त्रिशरण आणि पंचशील. नाना म्हणाले, “सर, मी तर ते म्हणून बसलोय. मग मी बौद्ध झालो का?”

चांगला प्रश्न होता. इगतपुरीत विचारला असता तर उत्तर मिळालं असतं की इथे कोणी धर्म बदलायला सांगत नाही. तिथे सगळ्या धर्मांचे लोक बसतात आणि आपापल्या घरी आपापल्या देवाकडे परत जातात. मी म्हटलं, “वर्षावास सुरू झालाय. दर रविवारी या. मग बोलू.”

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या या वर्षावासात आमच्याकडे, महाराष्ट्रातल्या बहुतेक विहारांत असतं तसं, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या बाबासाहेबांच्या ग्रंथाचं वाचन असतं. नाना दर रविवारी मोटरसायकलवर यायचे. रेनकोट विहाराच्या कठड्यावर वाळत घालायचे आणि मागच्या ओळीत बसायचे. तिसऱ्या रविवारी खीर वाढताना आमच्यातल्याच एका ज्येष्ठाने त्यांना विचारलं, “आडनाव काय म्हणालात?” नानांनी सांगितलं. पुढे थोडी शांतता. त्या शांततेचा अर्थ नानांना कळला नसेल असं मानायचं कारण नाही.

अडचण

सप्टेंबरच्या मध्यावर, पितृपक्ष चालू असताना, नाना म्हणाले, “यंदाच्या दसऱ्याला दीक्षा घ्यायची.” १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली तो दिवस अशोक विजयादशमीचा. म्हणून दसरा आमच्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिन. २०२२चा दसरा ५ ऑक्टोबरला होता. हातात तीन आठवडे.

घरात विरोध होता, पण एकाच जातीचा नव्हता. थोरल्या भावाचं म्हणणं जमिनीचं : “धर्म सोडलास तर वाट्यावरही पाणी सोड.” गावाचं म्हणणं आडवळणाने यायचं, “नाना आता त्यांच्यात गेला,” आणि ‘त्यांच्यात’ या शब्दावर जो जोर असायचा तो मी जन्मापासून ऐकत आलोय. काहींनी तर्क लढवला की पोरीच्या फीसाठी सवलत हवी असणार. तो निव्वळ अज्ञानाचा. १९५०च्या अनुसूचित जाती आदेशात १९९०मध्ये दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला हे खरं, पण जात मुळात त्या यादीत असावी लागते. यादीबाहेरचा माणूस बौद्ध झाला म्हणून त्याला काही मिळत नाही.

अण्णांचं हृदय थकलेलं होतं. ते काही बोलायचेच नाहीत. माईंची एकच धास्ती : यांच्या मागे पाणी कोण देणार.

आणि वहिनी. त्यांच्या मनात मुलीचं लग्न होतं, स्थळं येऊ लागली होती. मी घरी गेलो तेव्हा चहाचा कप माझ्यापुढे ठेवून त्या नानांना म्हणाल्या, “बाबासाहेबांनी येवल्याला सांगितलं आणि एकवीस वर्षांनी केलं. तुम्हाला एक दसरा दम निघंना?”

१३ ऑक्टोबर १९३५, येवला. “हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही” ही घोषणा आमच्याच जिल्ह्यातली. त्यानंतरची एकवीस वर्षं बाबासाहेब इतर धर्म तपासत होते. हे मी शेकडो भाषणांत सांगितलंय. वहिनींसारखं ते कोणाला लागू करून दाखवलं नव्हतं.

कोणते पर्याय होते

पहिला सरळ होता. साधना चालू ठेवायची, दारू नाही, सकाळ-संध्याकाळ तासभर बसायचं, आणि धर्माचा विषयच काढायचा नाही. नानांच्या पाहुण्याने तेच केलंय. त्यांच्या देवघरातही सप्तशृंगी आहे.

दुसरा, फक्त त्रिशरण आणि पंचशील घेऊन उपासक व्हायचं. बुद्ध, धम्म, संघ यांना शरण. हिंसा, चोरी, कामवासनेतला दुराचार, खोटं आणि नशा यांपासून दूर राहण्याची पाच शिक्षापदं. पालीत प्रत्येकाच्या शेवटी ‘सिक्खापदं समादियामि’ येतं. शिकण्याचा नियम म्हणून स्वीकारतो, असा त्याचा अर्थ. वरून कोणी आज्ञा केलेली नाही. मोडलं तर पुन्हा उचलायचं.

तिसरा, बाबासाहेबांनी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांसह दीक्षा. इथे फरक मोठा आहे आणि तो आम्ही लोकांना नीट सांगत नाही. त्रिरश्मी लेण्यांवर, ज्यांना नाशिककर पांडवलेणी म्हणतात, दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. भिक्षूंच्या अन्नासाठी त्याने चार हजार कार्षापण नाण्यांना शेत विकत घेऊन दिलं, ते त्यात लिहिलंय. त्याच लेखात त्याने ब्राह्मणांना दिलेल्या गाई आणि गावंही आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या गृहस्थाला दोन्ही दारं उघडी होती. बावीस प्रतिज्ञांनी एक दार मुद्दाम बंद केलं. तिसरी म्हणते गौरी-गणपतीची उपासना करणार नाही, सहावी म्हणते श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही, आठवी म्हणते ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करवून घेणार नाही. ज्यांना त्या देवांच्या दारात उभं राहू दिलं नाही त्यांच्यासाठी ते दार आपण होऊन लावणं हीच मुक्ती होती. आमच्या घरात सांगतात की पणजोबा २ मार्च १९३०ला सुरू झालेल्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात होते. आजोबांनी प्रतिज्ञा घेतल्या तेव्हा त्यांनी बेडी तोडली. नाना ज्या घरातले, त्या घराला काळारामाचं दार कधीच बंद नव्हतं. मग ते काय तोडत होते?

हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, “माझ्या बापजाद्यांनी कोणाला तरी बाहेर उभं केलंच असेल ना सर. ते तोडायचंय.” आणि लगेच उलट विचारलं, “तुम्ही कधी घेतल्या प्रतिज्ञा?”

मी म्हटलं, मी जन्मानेच बौद्ध आहे. ते म्हणाले, “म्हणजे घेतल्या नाहीत.” आमच्या सभागृहात त्या चौकटीत लावलेल्या आहेत. त्याखाली बसून आमच्यातल्याच लोकांनी लग्नाचा मुहूर्त काढून आणलेला मी पाहिलाय. मी गप्प बसलो.

चौथा पर्याय कागदाचा होता. प्रतिज्ञापत्र करून शासनाच्या राजपत्रात धर्मबदलाची नोंद प्रसिद्ध करायची.

एका वकिलांकडे जाऊन जमिनीचा प्रश्न आधी मिटवला, कारण तो दहा मिनिटांचा होता. १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदा आणि १९५५चा हिंदू विवाह कायदा, दोन्ही बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहेत. नाना बौद्ध झाले म्हणून वारसाहक्क जात नाही आणि वहिनी हिंदू राहिल्या म्हणून लग्नाला बाध येत नाही. थोरल्या भावाने हे ऐकलं आणि तो विषय त्यानंतर काढला नाही. धर्माबद्दलचा त्याचा राग निम्म्याने कमी झाला, असं माझं निरीक्षण आहे.

काय ठरलं, कसं ठरलं

माझा कल उघड होता. दसऱ्याला विहारात सामुदायिक कार्यक्रम असतो, पाहुणे असतात, वर्षातून एकदा सभागृह भरतं. दुसऱ्या समाजातला एक शेतकरी उभा राहून प्रतिज्ञा घेतोय हे दृश्य मला हवं होतं. हे आज लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच होतं. नानांना येवल्याला, मुक्तिभूमीवर, १३ ऑक्टोबरला घ्यायची इच्छा होती. ते साधलं असतं तर वहिनींशी बोलायला आठवडाभर जास्त मिळाला असता. मी म्हटलं, छाटणी तोंडावर आहे, दसऱ्यालाच उरका.

राजपत्राचं मुलीचं लग्न होईपर्यंत थांबवायचं, हे वहिनींनी मागितलं आणि नानांनी दिलं. देवघर राहील, आरतीला नाना उभे राहणार नाहीत, हेही दोघांत ठरलं.

५ ऑक्टोबरला नानांनी पांढरा सदरा घालून मेणबत्ती लावली. ‘सम्मासम्बुद्धस्स’ला नेहमीसारखे अडखळले. त्रिशरण, पंचशील, मग बावीस प्रतिज्ञा. माझ्यामागून, सगळ्यांबरोबर, एका सुरात. घड्याळ लावून वीसेक मिनिटं. साधु, साधु, साधु झालं. वहिनी आल्या होत्या, दाराजवळच्या खुर्चीवर शेवटपर्यंत बसल्या. ज्यांनी आडनाव विचारलं होतं त्या ज्येष्ठांनी नानांना मिठी मारली.

मग आला रोजचा संसार. पहिला प्रश्न फोनवर दुसऱ्याच दिवशी : “गावात राम राम घातला तर काय म्हणायचं?” मी जरा मोठं उत्तर द्यायला लागलो. ते म्हणाले, “थांबा, मी नमस्कार म्हणतो.” चैत्रात गडावर जायचं तर गाडी तेच चालवत होते, कारण घरात दुसऱ्या कोणाला येत नाही. पायथ्याशी चहाच्या टपरीवर बसायचे. फवारणीचं मात्र सुटेना. डावणी-भुरीची फवारणी बुरशीवर असते, तिथे प्रश्न नव्हता. पण थ्रिप्स आणि मिलीबग जिवंत आहेत आणि नाना ते मारतात. मी चेतनेचं सांगितलं, की धम्मात कर्म म्हणजे हेतू. नाना म्हणाले, “हेतू मारायचाच असतो सर. नायतर औषध कशाला घेतो एवढ्या पैशाचं?” पहिल्या शीलाचा त्यांचा हिशेब असा आहे : आधी फवारताना काही वाटायचं नाही, आता वाटतं, फवारतो मात्र. यापुढे मलाही जाता आलेलं नाही.

दीड एकराचं मला नोव्हेंबरात कळलं, तेही सहज. कराराचा विषय निघाला आणि मी विचारलं कसला करार. पाली त्रिपिटकातल्या अंगुत्तर निकायात वणिज्ज सुत्त आहे. उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार त्यात मोजलेत : शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष. ज्या माणसाने दारूपायी धम्माचा रस्ता धरला त्याची जवळजवळ निम्मी बाग मद्याला जात होती आणि दीक्षा देणाऱ्या मला त्याचा उद्योग नीट विचारायचं सुचलं नव्हतं.

एका भन्तेंना विचारलं. ते म्हणाले, सुत्तात व्यापार मद्याचा म्हटलाय, हे द्राक्ष पिकवतात, करारावर सही करताना मनाला काय होतं ते यांनीच पाहावं. आमच्या एका ज्येष्ठांचं मत, यात काही नाही, ऊस लावणारा काय मळीच्या दारूला जबाबदार? मलाही ते पटलं होतं. नानांना पटलं नाही. एक घड तोडून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. मणी वाटाण्याएवढे, साल जाड, चावलं की नुसत्या बिया. “खाऊन पाहा. याला दुसरा उपयोगच नाही.”

करार संपला की ती बाग उपटून टाकायची, असं त्यांनी मनात ठरवलं. अण्णांना सांगितलं नव्हतं.

दहावा दिवस

जानेवारी २०२३च्या मध्यात अण्णा गेले. वाईनची तोडणी चालू होती.

नानांनी खांदा दिला, चितेजवळ उभे राहिले. पिंडाला बसायचं नाही हे आधीच ठरलं होतं. ते निभावलं, कारण तो मान थोरल्याचाच. नाना थोरले असते तर हे प्रकरण वेगळ्याच वाटेने गेलं असतं. हा निव्वळ योगायोग होता आणि आम्ही त्याच्यावर विसंबलो होतो.

दशक्रिया नाशिकला, गोदाघाटावर. मीही गेलो आणि मागे उभा राहिलो. काळाराम मंदिर तिथून चालत काही मिनिटांवर. पिंड ठेवले, शेजारी अण्णांना आवडायची ती शेव आणि बिडीचं बंडल. वर तारेवर दोन कावळे बसलेले, पण खाली येईनात. पंधरा मिनिटं गेली. थोरल्या भावाने हात जोडून म्हटलं, “अण्णा, माईला अंतर देणार नाही.” बहीण बोलली. कावळा जागचा हलेना. मग चुलतभाऊ वळला : “नाना, तू बोल. तुझ्यातच जीव अडकलाय त्यांचा.”

सगळे नानांकडे बघायला लागले. माई बघत होत्या. नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली पाहिलं. चौदा वर्षांत माझ्याकडून झालेल्या चुकांत ही मी वर ठेवतो.

नाना दोन पावलं पुढे गेले, हात जोडले आणि म्हणाले, “अण्णा, बाग मोडणार नाही.”

कावळा काही आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी उठली.

परत जाताना गाडीत नानांनी दोन प्रश्न विचारले. “मी पिंडाशी बोललो की अण्णांशी?” आणि, “बाग मोडायची माझ्या मनात होती. मग मी खोटं बोललो का?”

पहिल्याला मी उत्तर दिलं : पिंडदान केलं नाहीत, बापाशी बोललात, सहावी प्रतिज्ञा मोडली नाही. दुसरा जास्त अवघड होता. बोलताना मनात दुसरं होतं, म्हणजे चौथं शील दुखावलं. ते खोटं ठरू द्यायचं नसेल तर आता बाग राखायची. आणि बाग राखली तर दीड एकर वाईनला.

निष्पत्ती

करार २०२४च्या तोडणीपर्यंत होता. मध्येच मोडणं हा शब्द मोडण्यासारखंच, असं म्हणून नानांनी तो पुरा केला. म्हणजे दीक्षेनंतर दोन हंगाम त्यांनी वाईनरीला माल दिला. त्या पैशाचं काय करायचं यावर आमच्यात वाद झाला. मी दान सुचवलं. वहिनींनी सोसायटीचं कर्ज दाखवलं. कर्ज फेडलं.

उपटायच्या प्रश्नाची वाट शेजारच्या गावातल्या एका बागायतदाराने दाखवली, आम्हा धम्मवाल्यांना ती सुचली नव्हती. वेल मुळासकट काढायचा नाही, रिकट घ्यायचा, खालचं खुंट तेच ठेवून त्यावर खायच्या द्राक्षाचं कलम करायचं. अण्णांनी लावलेलं मूळ जमिनीत राहतं. मांडव मात्र बदलावा लागला, कारण वाईनच्या उभ्या तारांवर खायची द्राक्षं घेता येत नाहीत, वाय अँगल लागतात. २०२४च्या पावसाळ्यात कलमं झाली. काही डोळे फुटले नाहीत, ते पुन्हा भरले. एक हंगाम पूर्ण रिकामा आणि अँगलचं नवं कर्ज. मी हे लिहितोय तोवर त्या दीड एकराचं पहिलं पीक हाती आलेलं नाही.

वहिनींनी दीक्षा घेतलेली नाही. आषाढ पौर्णिमेला खिरीचं पातेलं मात्र त्या स्वतः घेऊन येतात आणि वाचनाला बसतात. मुलीचं लग्न गेल्या वर्षी झालं. एक स्थळ बापाच्या धर्मामुळे मोडलं, ते मुलीने हसण्यावारी नेलं, वहिनींनी नाही. राजपत्राचा अर्ज अजून भरलेला नाही. नाना म्हणतात आता घाई कसली. दीक्षेच्या वेळी माझ्या तोंडी असायला हवं होतं ते वाक्य त्यांच्या तोंडी आलं, दोन वर्षं उशिरा.

आज असं कोणी आलं तर

दसऱ्याची तारीख मी पुढे करणार नाही. त्रिशरण-पंचशील एका दिवशी आणि बावीस प्रतिज्ञा निदान एका वर्षावासानंतर, अशी पद्धत आम्ही विहारात सुरू केली. याला विरोध झाला आणि तो पोकळ नव्हता. एक ताई म्हणाल्या, नागपुरात लाखोंनी एकाच दिवशी घेतल्या, बाबासाहेबांनी कोणाची परीक्षा घेतली नव्हती. खरं आहे. पण त्या लाखोंनी आपली परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या दिलेली होती, नानांसारख्यांची ती दीक्षेनंतर सुरू होते. यावर आमच्यात एकमत नाही. तूर्त जो तो विचारून ठरवतो.

उद्योग विचारतो. आधी संकोच वाटायचा, आता पहिल्या भेटीतच विचारतो : कमाई कशावर? परवा एकाचं परमिट रूम निघालं. तो पुन्हा आला नाही.

प्रतिज्ञा एका सुरात म्हणवून घेण्याआधी एकेक करून घरी बसून वाचतो, घरच्यांसमोर. सहावीला थांबतो. आई-वडील आहेत का, थोरले तुम्ही की धाकटे, घाटावर काय करणार, कोणी बोलायला लावलं तर काय बोलणार. ऐकायला अभद्र वाटतं. एका मुलाची आई उठून आत गेली होती. तरी विचारतो.

आणि मी स्वतः २०२३च्या दसऱ्याला, नाना समोर बसलेले असताना, प्रतिज्ञा घेतल्या. पुढच्या ओळीतून कोणीतरी म्हणालं, सरांना कशाला?

एक गोष्ट अजून लटकते आहे. माई आता ऐंशीच्या आहेत. गेल्या महिन्यात थोरल्या भावाला दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा त्यांनी नानांना जवळ बोलावून विचारलं, “हा नसला तर माझं पाणी तू देशील का?” नाना म्हणाले, विचार करून सांगतो. रात्री नानांचा मला फोन आला : या रविवारी वंदनेच्या अर्धा तास आधी या.